बंडा मिस्त्री आणि राऊचा पाय

नारळ फोडून झाल्यावरही मोटारीत काही दोष उरू शकतो, हे बंडा मिस्त्रींना मान्य नव्हतं. दुरुस्ती पुरी झाली की ते हात पुसत, गाडीच्या पुढच्या चाकाशी नारळ फोडत, खोबऱ्याचा एक तुकडा मालकाच्या हातावर ठेवत आणि एक स्वतः खात. तिथं गाडीची जबाबदारी संपे आणि चालवणाऱ्याची सुरू होई. पुढं कुणी तक्रार घेऊन आलाच, तर मिस्त्री गाडीकडे बघतसुद्धा नसत. ते त्या माणसाकडे बघत. डोक्यापासून सुरुवात करत आणि पायांपाशी येऊन थांबत.

शाहूपुरीत माझा छापखाना आणि त्यांचं गॅरेज यांच्यामध्ये एक भिंत होती. भिंत म्हणायची आपली पद्धत, होता तो पत्रा. मी लग्नपत्रिका आणि कुस्तीच्या मैदानांची पोस्टरं छापत असे. पलीकडे मिस्त्रींनी एखादं इंजिन चढवलं, की माझ्याकडे जुळवून ठेवलेले अक्षरांचे खिळे जागच्या जागी नाचू लागत. एकदा मी वैतागून पलीकडे गेलो आणि सांगितलं, की अहो, तुमच्या आवाजानं माझा मजकूर विस्कटतो. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, माझ्याबरोबर छापखान्यात आले, टेबल दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, आवाजाचा काय संबंध? तुमचं टेबल हलकं हाय." मी मास्तर नव्हतो. पण छापलेल्या अक्षराशी ज्याचा संबंध, तो मास्तर, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो दुरुस्त करणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

माणूस आडदांड. तरुणपणी तालमीत गेलेला, त्यामुळे एक कान मोडून घट्ट झालेला. इंजिन तपासायला तो उपयोगाचा नव्हता, म्हणून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ दुसऱ्या कानाला लावून ते डोळे मिटत. गिऱ्हाईक बिचारं सांगू लागे, की चढावर असं होतं, उतारावर तसं होतं. मिस्त्री हात वर करत. "तुमी सांगू नगासा. तिला बोलू द्या की." मग ती काय बोलली ते ते सांगत, आणि पंचाईत अशी, की बहुतेक वेळा ते बरोबर निघे. माणूस वाया घालवायचा असेल, तर त्याला सारखं बरोबर ठरवत जावं. मिस्त्रींच्या बाबतीत सगळ्या कोल्हापुरानं मिळून हे काम केलं होतं.

आमच्या भागात एक डॉक्टर होते. ब्रेक दुरुस्त झाले, नारळ फुटला, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर परत आले. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते म्हणाले. मिस्त्रींनी त्यांना पायताण काढायला लावलं, उलटं करून उन्हात धरलं आणि तळ दाखवला. "बघा. एका अंगाला झिजलंय. तुमी चालताना बी डावीकडंच वडत असणार. गाडी काय करंल?" डॉक्टरांनी नवं पायताण घेतलं. गाडी ओढायची ती ओढतच राहिली, पण पुढं कितीतरी दिवस डॉक्टर रस्त्यानं चालताना मध्येच थांबून मागं वळून बघत, आपण सरळ आलो की नाही ते.

नारळाआधी एक विधी असे, तो म्हणजे फेरी. दुरुस्त झालेली गाडी मिस्त्री स्वतः पंचगंगेचा पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला नेत. तिकडे रस्ता सपाट आणि सरळ. तिथं पोचले की ॲक्सिलेटरवर पाय ठेवत आणि तो थेट खालच्या पत्र्याला टेकवत. मधलं काही त्यांना ठाऊकच नव्हतं. कोडोलीकडून गुळाच्या गाड्या घेऊन येणारे शेतकरी लांबून धुरळा दिसला की बैल कडेला घेत आणि एकमेकांना सांगत, "मिस्त्री आलं." त्यांच्या मते ज्या गाडीला पळवून बघितलं नाही, ती गाडी बघितलीच नाही. एका फेरीला मी बरोबर होतो. उतरल्यावर त्यांनी विचारलं, "कसं काय वाटलं?" मी म्हटलं, भीती वाटली. मिस्त्री समाधानानं हसले. "म्हंजे बरोबर झालीया."

हे सगळं चाललं होतं तसंच चाललं असतं. पण इनामदारांची मोटार बिघडली.

संस्थान विलीन होऊन गेलं होतं, इनामंही आज जाणार, उद्या जाणार अशी बोलवा होती. इनामदारांच्या बंगल्यातले घोडे गेले, बग्गी गेली, चोपदार गेला. राहिली ती अमेरिकेहून आणलेली ती लांबलचक मोटार, आणि ती चालवणारा राऊ. या मोटारीला क्लच नव्हता. गिअर टाकायचा नाही, काढायचा नाही. वेग वाढला की गाडी आपोआप पुढचा गिअर घेई. कोल्हापुरात तेव्हा हे सांगून कुणाला पटत नसे. गाडी उभी असली की लोक खिडकीतून आत मुंडकं घालून तिसरं पेडल कुठं लपवलंय ते शोधत.

राऊ ड्रायव्हर मूळचा बग्गीवाला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा, फेट्याचा शेमला सुद्धा हलू न देणारा माणूस. इनामदारांच्या आईसाहेब मागं बसत, आणि त्यांच्या पानाच्या डब्यातला चुना सांडू नये एवढीच राऊची गाडी चालवण्याबद्दलची समज होती. तेवढी त्यानं पक्की केली होती. गाडी सुटली कधी आणि थांबली कधी, हे आईसाहेबांना खिडकीबाहेर बघूनच कळे.

तर या मोटारीचा गिअरबॉक्स तेल गाळू लागला. कंपनीनं दिलेलं पुस्तक वाळवीनं खाल्लं होतं. दुसरा कुणी असता तर मुंबईला पाठवा म्हणाला असता. मिस्त्री म्हणाले, "माणसानंच केलीया न्हवं? मग माणूसच उघडंल." त्यांनी तो अवजड गिअरबॉक्स खाली उतरवला, उघडला, गळती बंद केली आणि परत चढवला. हे सोपं काम नव्हतं, आणि त्यांनी ते खरोखर केलं. फेरी झाली. मिस्त्रींचा पाय पत्र्याला टेकला, गाडीनं एकेक गिअर लोण्यासारखा घेतला. नारळ फुटला. इनामदारांनी खोबरं खाल्लं.

दोन दिवसांत राऊ गाडी घेऊन दारात.

"मिस्त्री, गाडी गिअर घेत न्हाय. बाजारात गेली की हंबरती, हंबरती, आन् मग एकदम लाथ मारती. आईसायबांचं कपाळ म्होरच्या शिटाला लागलं."

मिस्त्रींनी बॉनेटकडे पाहिलंही नाही. राऊला बाजूला बसवलं, पूल ओलांडला, पाय दाबला. गाडी लोण्यासारखी. परत आले, किल्ली राऊच्या हातात दिली. राऊ गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. पुन्हा फेरी, पुन्हा लोणी. असं होता होता एक दिवस इनामदार स्वतः आले. त्यांच्यासमोर मिस्त्रींनी गाडी पळवली, लोणी. मग राऊनं चालवली. गाडी हंबरली, लाथ मारली, आणि इनामदारांची टोपी त्यांच्या मांडीवर पडली.

"झालं?" मिस्त्री म्हणाले. "गाडी तीच, रस्ता त्योच. माझ्या हाताखाली नीट चालती, ह्याच्या हाताखाली लाथा मारती. सरकार, पाय बिघडलाय राऊचा. बग्गी हाकलेला पाय हाय त्यो. जनावराला समजंल, मशिनीला कसं समजंल?"

राऊ एवढंच म्हणाला, "पाय त्योच हाय सरकार. गाडी येगळी झालीया."

मला त्या वेळी काहीच कळलं नव्हतं, पण राऊच्या चेहऱ्याकडे बघवेना. इनामदारांना दोघांतल्या एकावर विश्वास ठेवायचा होता. ड्रायव्हर दुसरा मिळत होता, बिनक्लचच्या गाडीला मिस्त्री दुसरा मिळत नव्हता. त्यांनी मिस्त्रींवर ठेवला. राऊला कामावरून काढलं. गावात ड्रायव्हर बरेच बेकार होते, पण पाय बिघडलेला असा शिक्का बसलेला तो एकटाच. जिथं काम विचारायला जाई, तिथं लोक आधी खाली बघत. पोरंसोरं मागून लंगडत चालून दाखवत. ज्या एका गोष्टीवर माणूस आयुष्यभर उभा राहिला, तीच त्याच्याखालून काढून घेतली होती.

आपल्याही पायावर शिक्का बसेल म्हणून दुसरा कुणी ड्रायव्हर त्या गाडीवर यायला धजेना आणि आईसाहेबांची पौर्णिमेची नृसिंहवाडीची वारी चुकवून चालणार नव्हतं. इनामदारांनी मिस्त्रींनाच विनंती केली. मिस्त्री फेटा बांधून, धुतलेलं धोतर नेसून निघाले, आणि मला म्हणाले, "मास्तर, चला. ही गाडी कशी चालती ते बघायला समजदार माणूस पायजे." मी समजदार आहे हे त्यांना त्याच दिवशी सुचलं. मी पुढच्या सीटवर बसलो. मागं आईसाहेब, आणि त्यांच्या मांडीवर दुधानं भरलेला चांदीचा तांब्या. वाडीच्या देवाच्या अभिषेकाचं दूध. सोवळ्यातलं.

मिस्त्रींनी सवयीनं पाय उचलला, तोच मागून आवाज आला. "मिस्त्री, हळू हं. थेंब सांडला तर आम्ही तिथूनच परत फिरू."

आयुष्यात पहिल्यांदा बंडा मिस्त्रींनी ॲक्सिलेटरवर पाय नुसता टेकवला. गाडी सुटली आणि हंबरू लागली. हळूहळू वेग वाढला, हंबरणं वाढलं, पण गिअर काही पडेना. मिस्त्रींच्या मानेवर घाम आला. मग गाडीनं अशी सणसणीत लाथ मारली, की तांब्यातलं निम्मं दूध उसळून थेट मिस्त्रींच्या फेट्यावर आणि पाठीवर. कानामागून दूध ओघळू लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

आईसाहेब परत फिरल्या नाहीत. तांब्यावर पदर झाकत शांतपणे म्हणाल्या, "राऊच्या हातनं अगदी असंच व्हायचं. पण तुमचा पाय तर चांगला आहे ना?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरोखरच काळजीनं विचारलं होतं, त्यामुळे उत्तर देणं अवघड होतं. गाडीनं वाटेत आणखी लाथा मारल्या, दर वेळी मी दाराची कडी धरली, आणि मला कबूल करायला हवं, की मला आनंद होत होता.

वाडीत आईसाहेब घाटाकडे गेल्या. नारळ फुटलेल्या गाडीचं बॉनेट मिस्त्रींनी उघडलेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. धुतलेल्या धोतरानिशी ते गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसता खडखडाट. बाहेर आले तेव्हा दूध, माती आणि तेल असं सगळं अंगावर होतं.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"काय न्हाय. एक सळई लांब झालती."

"आपोआप?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागं सरलो. पण मग जवळच्याच एका पायरीवर बसले आणि जमिनीकडे बघत सांगू लागले. "ॲक्सिलेटरपासनं गिअरबॉक्साला एक सळई जाती. ड्रायव्हरनं पाय किती दाबलाय, ते ती त्याला सांगती. कमी दाबला की लवकर गिअर घ्यायचा, जादा दाबला की उशिरा. उतरवताना मी ती काढली, चढवताना अंदाजानं बसवली. लांब ऱ्हायली. म्हंजे गिअरबॉक्साला वाटायचं, पाय सदाच दाबलेला हाय. राऊ बिचारा अलगद टेकवायचा, आन् सळई सांगायची, लई दाबलाय."

"मग तुम्ही चालवताना कसं बरोबर व्हायचं?"

मिस्त्रींनी हातावरचं तेल धोतराला पुसलं. मग म्हणाले, "माझा सदाच दाबलेला असतोय की."

परतीच्या वाटेवर गाडी हळू चालली आणि एकेक गिअर कधी पडला ते कळलंही नाही. आईसाहेब म्हणाल्या, "आता बसली बघा तुमच्या पायाला सवय." बंगल्यावर उतरल्यावर मी विचारलं, आता राऊचं काय? "बघतो," म्हणाले. सरळ आत जाऊन सांगायला काय हरकत होती, असं मला वाटलं, आणि मी ते तसं बोललोही. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यांनी जे बघितलं, ते पुढीलप्रमाणे. इनामदारांना सांगितलं, की राऊला मी शिकवतो, त्याचा पाय सुधारून देतो, मग त्याला परत घ्या. इनामदार कबूल झाले. राऊला नोकरी मिळाली, मिस्त्रींचं नाव राहिलं, सगळं कसं जमून आलं! या बातमीसह आम्ही दोघं राऊच्या घरी गेलो. राऊ दारात बसून सुतळी वळत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मिस्त्री, गाडी नीट झाली न्हवं?"

"झाली."

"मी हात लावल्याबिगार?"

मिस्त्री खाकरले.

"मग माझ्या पायाचं काय सुधारणार तुमी?" राऊ सुतळी वळायचं न थांबता म्हणाला. "नोकरी ऱ्हाऊ दे. चार लोकांत माझ्या पायाला नाव ठेवलासा, ते चार लोकांत काढून घ्या. तेवढं जमत नसंल, तर चहा घेऊन जावा."

आम्ही चहा न घेता निघालो. रस्त्यात मिस्त्रींनी मला विचारलं, "मास्तर, चुकलो असं म्हणायला कसं सुरू करत्यात?" ते चेष्टा करत नव्हते. मी म्हटलं, चुकलो असंच म्हणून सुरू करतात. ते विचारात पडले. त्यांना यात काहीतरी गाळलंय असं वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनामदारांच्या बंगल्यासमोर माणसं जमली होती. मिस्त्रींनीच बोलावली होती. राऊ एका बाजूला उभा. मिस्त्री मधोमध आले आणि जणू मैदानात आव्हान देत असावेत अशा आवाजात म्हणाले, "सरकार, मी चुकलो. सळई मी अंदाजानं लांब बसवलीती. राऊच्या पायात काय दोष न्हवता. दोष माझा."

मग इनामदारांचे डोळे भरून आले. ते पुढं झाले आणि त्यांनी मिस्त्रींचा खांदा धरला. "मिस्त्री, मन असावं तर असं. एका गड्याची भाकरी वाचावी म्हणून सगळं स्वतःवर घेतलंत!"

"अहो न्हाय, खरंच चुकलोतो!"

"बघा," इनामदार लोकांकडे वळून म्हणाले, "अजून स्वतःवरच घेतायत." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हातारा म्हणाला, असली माणसं आता राहिली नाहीत.

मिस्त्रींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जन्मात एकदा चूक कबूल केली, आणि ती कुणी घेईना. ते तडक गाडीखाली शिरले. सळई पुन्हा लांब केली, इनामदारांना मागं बसवलं, राऊला चालवायला लावलं. गाडी हंबरली, लाथ मारली, सरकारांची टोपी उडाली. परत गाडीखाली. सळई आखूड केली, पुन्हा फेरी. गाडी चिडीचूप. "बघितलं? आता तरी पटलं? मीच गाढव!" ते ओरडत होते. इनामदार टोपी झटकत म्हणाले, "वा! मिस्त्री, तुम्ही गाडीला पाहिजे तशी लाथ मारायलाही शिकवता!"

मिस्त्री मटकन बंगल्याच्या पायरीवर बसले. फेटा सुटून गळ्यात आला होता. माणसं त्यांचं कौतुक करत पांगली. राऊ जवळ आला.

"राऊ, ह्यास्नी पटत न्हाय रं," मिस्त्री म्हणाले. मोठ्या माणसाचा आवाज इतका बारीक होऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"मी ऐकलं की," राऊ म्हणाला. "बास झालं तेवढं." आणि त्यानं हात देऊन त्यांना उठवलं.

राऊ परत नोकरीवर लागला. मिस्त्रींच्या थोर मनाची गोष्ट गावभर झाली, आणि ती कुणी सांगू लागलं, की ते तिथून उठून जात. पुढं मी छापखाना इचलकरंजीला हलवला. सामानाची शेवटची गाडी भरून घेत होतो, तेव्हा समोरून इनामदारांची मोटार आली. आदल्या दिवशी गॅरेजात तिचं काहीतरी काम झालं होतं. फेरी घेऊन येत होती. चालवत होता राऊ, शेजारी मिस्त्री हाताची घडी घालून बसलेले. गाडी इतकी सावकाश येत होती, की मागची गुळाची बैलगाडी तिला ओलांडून पुढं निघाली. बैलगाडीवाल्यानं वळून हाक दिली, "काय वो मिस्त्री, बिघडली काय गाडी?"

मिस्त्रींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बिघडली न्हाय," ते म्हणाले. "राऊ बघायलाय, नीट झाली का ते."